आधी दहा बोटे, मग पिस्तूल

प्रति,
मा. अपर मुख्य सचिव,
गृह विभाग, महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई.

विषय : पिस्तूल व रिव्हॉल्वरच्या परवान्यासाठी अर्ज करणाऱ्यांच्या बोटांचे ठसे डिजिटल यंत्रावर घेऊन तपासण्याबाबत.

महोदय,



मी नेमबाजी शिकवतो. माझ्याकडे येणारी मुलेमुली दहा मीटर एअर पिस्तूलपासून सुरुवात करतात. त्याला परवाना लागत नाही. हात बसला, नजर स्थिरावली की त्यातली काही पंचवीस मीटरकडे वळतात, आणि तिथे पॉइंट टू-टूचे खरे पिस्तूल हाती घ्यावे लागते. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ साली जकार्ता-पालेमबांगच्या आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्णपदक मिळवले, आणि आज आमच्या रेंजवर बारा-तेरा वर्षांच्या मुलीही पंचवीस मीटरचे स्वप्न पाहतात. वयाची एकवीस वर्षे पूर्ण झाली की ही मुले स्वतःच्या शस्त्रासाठी परवान्याचा अर्ज करतात. त्यामुळे अर्ज, जोडपत्रे, पोलीस पडताळणी, त्रुटींची पत्रे हे सगळे माझ्या डोळ्यांसमोरून जात असते. त्या अनुभवावरून हे पत्र लिहीत आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकतो. परवाने सोपे करा, अशी माझी मागणी नाही. पिस्तूल शर्टाखाली लपते, बंदूक लपत नाही. म्हणून पिस्तुलाच्या अर्जाची तपासणी कडकच हवी. माझी तक्रार अशी की आजची तपासणी त्रासदायक आहे, पण कडक नाही.

९ डिसेंबर २०२४ रोजी बीड जिल्ह्यात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. त्यानंतर त्या जिल्ह्यातल्या शस्त्र परवान्यांची चर्चा राज्यभर झाली. एकट्या जिल्ह्यात हजाराहून अधिक परवाने निघाले, आणि गुन्हे नोंद असलेल्यांच्या हातातही परवाने असल्याचे समोर आल्यावर प्रशासनाला ते रद्द करण्याची मोहीम घ्यावी लागली. तिथे दबाव किती, हलगर्जी किती, याचा निवाडा मी करणार नाही. पण प्रत्येक अर्जामागे पोलीस अहवाल असायला हवा होता. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ मध्येच ती तरतूद आहे. त्याच कलमात आणखी एक वाक्य आहे, ते मला नेहमी अस्वस्थ करते : ठाण्याचा अहवाल ठरलेल्या मुदतीत आला नाही, तर परवाना देणारा अधिकारी त्याची वाट न पाहताही निर्णय देऊ शकतो. अहवाल उशिरा येण्याची आपल्याकडे काय अवस्था आहे, हे आपल्या विभागाला मी सांगायला नको.

आता अहवाल येतो तेव्हा त्यात काय असते ते पाहू. माझा एक विद्यार्थी राज्य स्पर्धेत खेळलेला, वडील ऊस उत्पादक, घराण्यात कुणी पोलीस ठाण्याची पायरी चढलेले नाही. त्याच्या पडताळणीत मारामारीच्या एका गुन्ह्याची नोंद जोडून आली. गुन्हा शेजारच्या जिल्ह्यातला. आरोपीचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव तिन्ही तीच. पाटील, जाधव, पवार, शिंदे या आडनावांच्या मुलखात हे काही दुर्मीळ नाही. वयात थोडा फरक होता, पण वय लिहिणाऱ्याने अंदाजे लिहिले असेल, असे म्हणून तो बाजूला ठेवला गेला. नोंदीत ओळखीची खूण म्हणून उजव्या हातावरचा जुना व्रण लिहिला होता. चौकशीच्या हवालदाराने मुलाला बाही वर करायला लावली, हात खिडकीकडे धरून उलटसुलट पाहिला, कोपराजवळ लहानपणी सायकलवरून पडल्याची एक रेघ सापडली आणि काही न बोलता कागदावर टिपून घेतली. मी शेजारीच उभा होतो. त्या मुलाचा चेहरा मला अजून दिसतो. तो हवालदार वाईट नव्हता. त्याच्यापुढे माणूस ओळखायला दुसरे साधनच नव्हते.

मग प्रतिज्ञापत्र झाले, शेजारच्या जिल्ह्यातल्या ठाण्याच्या खेपा झाल्या, दोषारोपपत्राची नक्कल काढण्यासाठी वकील झाला. आपण तो माणूस नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी मुलावर. निवड चाचणी त्याने रेंजच्या शस्त्रावर दिली. दुसऱ्याच्या मुठीचे पिस्तूल घेऊन पंचवीस मीटरवर उभे राहणे म्हणजे काय, ते नेमबाजालाच कळेल. मूठ तळहाताप्रमाणे घासून घ्यावी लागते, चापाचा दाब बोटाला ओळखीचा असावा लागतो. तो चाचणीत मागे पडला. अहवाल दुरुस्त झाला तोवर हंगाम संपला होता.

या प्रकरणाची दुसरी बाजू मला जास्त भीतीदायक वाटते. ज्याच्यावर खरोखर गुन्हा आहे, तो माणूस उद्या दुसऱ्या जिल्ह्यात घर भाड्याने घेऊन अर्ज करू शकतो. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडचे तिकडे, वडिलांच्या नावाऐवजी आद्याक्षर, आडनावाऐवजी गावावरून पडलेले नाव, एवढे पुरते. संगणकावर नाव टाकून शोधणाऱ्याला तो सापडणार नाही. म्हणजे नावावर चालणारी पडताळणी निर्दोष मुलाला अडवते आणि दोषी माणसाला वाट देते. दोन्हीचा उपाय एकच आहे, आणि तो आपल्या विभागाच्या ताब्यात आजही आहे.

१७ ऑगस्ट २०२२ रोजी देशपातळीवरच्या बोटांच्या ठशांच्या यंत्रणेचे, नॅफिसचे, उद्घाटन झाले. अटक झालेल्या माणसाचे ठसे त्यात गेले की त्याला दहा अंकी राष्ट्रीय क्रमांक मिळतो, आणि पुढे तो कुठल्याही राज्यात कुठल्याही नावाने सापडला तरी क्रमांक तोच राहतो. महाराष्ट्राने तर त्याआधीच अँबिस ही स्वतःची यंत्रणा उभी केली. पोलीस ठाण्यांत ठसे घेणारी डिजिटल यंत्रे आली. पुण्यात गुन्हे अन्वेषण विभागाचे अंगुलिमुद्रा केंद्र आहे, तिथे वर्षानुवर्षे या कामात मुरलेले तज्ज्ञ आहेत. चोरीत पकडलेल्या माणसाची दहा बोटे आपण काचेवर ठेवून घेतो आणि देशभर शोधतो. पिस्तूल मागायला आलेल्या माणसाची मात्र बाही वर करून व्रण पाहतो.

ही विद्या आपल्याच देशात वाढली, याचेही स्मरण द्यावेसे वाटते. १८५८ साली बंगालमध्ये जंगीपूरला विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने एका कंत्राटावर राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या हाताचा ठसा घेतला. १८९७ साली कलकत्त्यात जगातले पहिले अंगुलिमुद्रा कार्यालय निघाले. ठशांचे वर्गीकरण करण्याचे गणित अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय पोलीस कर्मचाऱ्यांनी बसवले. पद्धतीला नाव मात्र त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांचे लागले.

आज अर्जदाराच्या ठशांबाबत एकसूत्र पद्धत मला दिसलेली नाही. माझ्याकडची मुले वेगवेगळ्या जिल्ह्यांतली. कुणाचा जबाबाखाली फक्त डावा अंगठा घेतला, कुणाचे काहीच घेतले नाही, कुणाची दहाही बोटे शाईत बुडवली. शाईचे ठसे मी पाहिले आहेत. पत्र्यावर रूळ फिरवून शाई पसरतात, बोट नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत कागदावर फिरवतात. शाई जास्त झाली की रेषा भरून जातात, कमी झाली की तुटतात, घाम असेल तर सगळेच ओघळते. मग तो कागद फाइलीत टाचला जातो आणि तिथेच राहतो. कुणाशी तो जुळवला गेल्याचे मी ऐकलेले नाही. न जुळवलेला ठसा घेण्यात अर्थ काय? अर्जदाराला बोटे पुसायला रॉकेलचे फडके तेवढे मिळते.

डिजिटल यंत्रात हे टळते. बोट काचेवर ठेवले की पडद्यावर रेषा दिसतात. ठसा अस्पष्ट असेल तर यंत्र त्याच क्षणी सांगते आणि पुन्हा घेता येतो. रेषा कुठे संपते, कुठे फुटून दोन होतात, अशा बिंदूंची मांडणी काढून ती साठ्यातल्या ठशांशी ताडली जाते. चार बोटे एकत्र, मग दुसऱ्या हाताची चार, मग अंगठे, आणि हवे तर एकेक बोट फिरवून. काम काही मिनिटांचे.

इथे कुणीतरी म्हणेल, आधार आहे की. हा गैरसमज सरकारी कार्यालयांतही फार पसरला आहे, म्हणून दोन शब्द. आधारवर अंगठा ठेवला तर समोरचा माणूस म्हणजे त्या क्रमांकाचाच माणूस, एवढेच कळते. त्याच्यावर कुठे गुन्हा आहे का, हे आधारला ठाऊक नाही, आणि असूही नये. आधार कायद्याच्या कलम २९ प्रमाणे ते ठसे कुठल्याही कारणासाठी दुसऱ्याला देता येत नाहीत. ते बंधन योग्यच आहे. तेव्हा अर्जदाराचे ठसे वेगळे घ्यावे लागतील, त्याच्या संमतीने, आणि गुन्हेगारांच्या साठ्याशी एकदाच ताडून पाहावे लागतील.

यंत्राच्या मर्यादाही मी जाणतो. ज्याला कधी अटकच झाली नाही, त्याचे ठसे साठ्यात नसणार. गावात दहशत असलेला, पण तक्रार द्यायलाच कुणी धजावत नाही असा माणूस यंत्रातून स्वच्छ बाहेर येईल. घरात बायकोला मारणारा, दारूच्या नशेत अंगावर धावून जाणारा, त्याची खबर शेजारीपाजारीच देतील. त्यासाठी ठाण्याच्या माणसाने गल्लीत जाऊन चौकशी करणे आजच्याइतकेच, किंबहुना जास्त, गरजेचे राहील. नावे ताडण्यातून सुटलेला वेळ त्याला तिथे देता यावा.

आता मागण्या.

पहिली मागणी यंत्र कुठे ठेवायचे याबद्दल. अटकेतल्या आरोपीचे ठसे जिथे घेतात, त्याच खोलीत, त्याच बाकावर परवान्याच्या अर्जदाराला बसवू नका. माझी एक विद्यार्थिनी अशा बाकावर बसून आल्यावर तिच्या आईने नेमबाजीच बंद करण्याची भाषा केली होती. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत एक यंत्र द्या, आयुक्तालयांत परवाना विभागात द्या. पारपत्र काढताना आपण बोटे काचेवर ठेवतो, तेव्हा कुणाला कमीपणा वाटत नाही. इथेही तसेच व्हावे.

दुसरी मागणी कष्टाच्या हातांबद्दल, आणि ही माझ्या मते सगळ्यांत नाजूक आहे. रेशन दुकानातल्या यंत्रावर म्हाताऱ्या माणसांचे, शेतमजुरांचे अंगठे उमटत नाहीत, हे आपण रोज पाहतो. कोयता धरून, सिमेंट कालवून, भांडी घासून बोटांच्या रेषा झिजतात. कर्करोगावरच्या काही औषधांनीही तळहाताची कातडी सोलवटून ठसे पुसट होतात. पिस्तुलाचा अर्जदार म्हणजे फक्त बिल्डर आणि सराफ नव्हे. जीवाला धोका असलेला ग्रामपंचायत सदस्य, रानातल्या वस्तीवर राहणारा शेतकरी, ऊसतोड कुटुंबातून आलेला माझा नेमबाजही असतो. त्याचे बोट यंत्राला दिसले नाही, म्हणून त्याचा अर्ज निकाली काढू नये. ठसे घेणाऱ्याला रीतसर शिकवा : बोट कोमट पाण्याने धुणे, कोरडे असेल तर किंचित ओलावणे, दाब किती द्यायचा, काच दर माणसामागे पुसणे. दोनदा घेऊनही जमले नाही, तर लेखी कारण देऊन जुन्या पद्धतीने नाव-पत्त्यावर तपासणी करा, पण त्या अर्जाला कमी लेखू नका.

तिसरी मागणी शेवटचा शब्द कुणाचा, याबद्दल. यंत्र फक्त जवळचे ठसे काढून देते. जुळला की नाही, हे प्रशिक्षित अंगुलिमुद्रा तज्ज्ञानेच ठरवावे आणि सही करावी. माद्रिदच्या २००४ सालच्या बाँबस्फोटानंतर अमेरिकेच्या एफबीआयने ओरेगनमधल्या ब्रँडन मेफील्ड या वकिलाचा ठसा जुळल्याचे सांगून त्यांना अटक केली होती. ठसा दुसऱ्याचा निघाला आणि सरकारला माफी मागून भरपाई द्यावी लागली. तिथे तर तज्ज्ञ असूनही चूक झाली. म्हणून जुळणी दाखवली गेली तर अर्जदाराला ती लेखी कळवा आणि दुसऱ्या तज्ज्ञाकडून फेरतपासणी मागण्याचा हक्क द्या.

चौथी मागणी ठसे पुढे कुठे जातात, याबद्दल. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) अधिनियमाखाली घेतलेल्या ठशांची नोंद ७५ वर्षे ठेवण्याची तरतूद आहे. तो कायदा अटक झालेल्या, शिक्षा झालेल्या माणसांसाठी आहे. परवाना मागणारा नागरिक त्यात बसत नाही आणि त्याला त्यात ढकलू नये. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले आहे. अर्ज नाकारला गेला किंवा मागे घेतला, तर ठसे ठरावीक मुदतीत पुसावेत आणि पुसल्याचे पत्र द्यावे. परवाना मिळाला, तर परवाना असेपर्यंतच ठेवावेत, नूतनीकरणाला पुन्हा बोलावण्याची गरज पडू नये. शस्त्र अधिनियमातल्या २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली आहे. या पाच वर्षांत परवानाधारकाला कुठे अटक झाली, तर ती माहिती परवाना शाखेला आपोआप पोहोचावी. आज ती पोहोचतेच अशी खात्री कुणी देईल का?

खर्चाबाबत बाहेरच्या अनुभवाकडे पाहावे. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात १ ऑक्टोबर २०१३ पासून पिस्तूल विकत घेण्याआधी वेगळा परवाना घ्यावा लागतो आणि त्यासाठी डिजिटल ठसे द्यावे लागतात. हा कायदा न्यायालयात गेला, एकदा मोडीतही निघाला, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये अपील न्यायालयाच्या मोठ्या पीठाने तो कायम ठेवला. पण तिथे परवान्याचे ५० डॉलर वेगळे आणि ठसे घेणाऱ्या खासगी केंद्राचे पैसे वेगळे, ही अर्जदारांची जुनी तक्रार आहे. आपल्याकडे हे काम खासगी एजन्सीला देऊन दरवाजाबाहेर दलालांची रांग उभी राहू देऊ नका. इलिनॉय राज्याची एक पद्धत मात्र घेण्यासारखी आहे. तिथे शस्त्र जवळ बाळगण्याच्या परवान्यासाठी ठसे देणे ऐच्छिक आहे. दिले तर ९० दिवसांत निर्णय, न दिले तर पोलिसांना आणखी ३० दिवस मिळतात.

शस्त्र अधिनियम आणि २०१६ चे शस्त्र नियम केंद्राचे आहेत, ठसे सक्तीचे करणे राज्याच्या हाती नाही, असे उत्तर येईल याची मला कल्पना आहे. म्हणूनच इलिनॉयचे उदाहरण दिले. सक्ती केंद्राने नियम बदलून करावी, आणि तशी शिफारस आपल्या विभागाने पाठवावी. तोवर जो अर्जदार स्वखुशीने दहा बोटे देईल, त्याची गुन्हे पडताळणी ठशांवरून ठरावीक दिवसांत पूर्ण होईल, अशी योजना एक-दोन जिल्ह्यांत सुरू करण्यापासून आपल्याला कोण अडवते? कोल्हापूर आणि पुण्यात नेमबाज पुष्कळ आहेत. सुरुवात त्यांच्यापासून करा. माझी मुले आपणहून रांगेत उभी राहतील, हे मी खात्रीने सांगतो, कारण नावाच्या घोळात अडकण्यापेक्षा काचेवर बोट ठेवणे त्यांना केव्हाही चालेल.

पडताळणीची मुदत २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाखाली अधिसूचित करावी, म्हणजे उशीर झाला तर दाद कुठे मागायची ते अर्जदाराला कळेल. जुन्या परवान्यांपैकी पिस्तूल-रिव्हॉल्वरचे परवाने नूतनीकरणाला येतील तसतसे त्यांचेही ठसे याच पद्धतीने तपासावेत. या शेवटच्या सूचनेला विरोध होईल, आणि तो वजनदार माणसांकडून होईल. तिथे आपल्या विभागाने ठाम राहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

या पत्राला लेखी उत्तर मिळावे. योजनेला नकार असेल तर त्याची कारणे कळावीत, म्हणजे त्यावर पुढे बोलता येईल. प्रत्यक्ष प्रयोगासाठी अर्जदार, माहिती आणि आमच्या रेंजची जागा हवी असेल, तर ती देण्याची आमची तयारी आहे.

कळावे,

आपला विश्वासू,
पश्चिम महाराष्ट्रातला एक नेमबाजी प्रशिक्षक